कौलं परत चढवण्याआधी

सकाळी साडेसात

महालक्ष्मी एक्स्प्रेस सीएसएमटीला लागली. अध्यक्ष सर, कार्यवाह, खजिनदार अण्णा, ग्रंथपाल मॅडम आणि सुतारकाम पाहणारे मिस्त्री असे पाचही जण एकाच डब्यातून उतरले. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावचं हे वाचनालय. शंभरी कधीच ओलांडलेलं. खाली काळ्या दगडाच्या भिंती, वर सागवानी तुळयांवर तोललेला लाकडी मजला. त्यावरचं कौलारू छप्पर चाळीसेक वर्षांपूर्वी उतरवलं आणि त्या जागी सिमेंटचा स्लॅब ओतला. त्या वेळच्या समितीला दोष देता येत नाही. माकडं कौलं फोडायची आणि दर वैशाखात कौलं परतायला माणसं मिळेनाशी झाली होती. आज त्या स्लॅबमधल्या सळया गंजून फुगल्या आहेत आणि पोपडे अभ्यासिकेतल्या मुलांच्या वह्यांवर पडतात.

दुरुस्तीचा आराखडा माझ्याकडे आहे. स्लॅब काढून पुन्हा कौलारू छप्पर घ्यावं, असं माझं म्हणणं. समितीतल्या बऱ्याच जणांना हे मागं जाणं वाटतं. “ताई, लोक वर्गणी देतात ती काहीतरी नवीन उभं राहिलेलं दिसावं म्हणून,” असं अण्णा मागच्या बैठकीत म्हणाले होते. मग आणखी एक बैठक घेण्यापेक्षा ज्या इमारतीनं नेमकं हेच केलंय ती दाखवावी, म्हणून आजचा दिवस ठरला. तिथं आधी पत्र पाठवून परवानगी घेतली होती.

साडेनऊ

चहा-नाश्ता आटपून डी. एन. रोडनं, हुतात्मा चौकावरून चालत निघालो. सर पंचाहत्तरीचे आहेत, पण टॅक्सीला नाही म्हणाले. काळ्या घोड्याला वळण्याआधी वॉटसन हॉटेलची जुनी इमारत लागते, तिथं मी मुद्दाम थांबले. १८६० च्या दशकातली ही इमारत ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभी आहे. सांगाड्याचे भाग इंग्लंडमध्ये घडवून जहाजानं आणले आणि इथं जोडले. १८९६ च्या जुलैत ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईत पहिल्यांदा दाखवली गेली ती इथंच. २००५ साली तिचा एक भाग कोसळला, २०१९ साली ती रिकामी करावी लागली. मिस्त्री बराच वेळ वर बघत होते. “लोखंडाला वेळेवर रंग लागला नाही की ते लाकडाच्या आधी जातंय,” एवढंच म्हणाले. वारसा म्हणून नाव लागल्यानं इमारत वाचत नाही, दरवर्षीच्या छोट्या खर्चानं वाचते. ही गोष्ट मी बैठकीत कितीदा सांगितली असेल, पण वॉटसनसमोर उभं राहिल्यावर ती मला सांगावी लागली नाही.

दहा

आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आणि एल्फिन्स्टन कॉलेज यांच्या मधोमध डेव्हिड ससून ग्रंथालय. मालाडचा पिवळसर दगड, टोकदार कमानी, प्रवेशद्वारावर ससूनचा अर्धपुतळा. अण्णांना वाटत होतं, हे कुणा गव्हर्नरानं बांधलेलं असणार. तसं नाही. १८४७ साली सरकारी टांकसाळीत आणि गोदीत काम करणाऱ्या तरुण कारागिरांनी आणि फोरमननी ‘मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट’ काढली. यंत्रावर काम करणाऱ्यांना वाचायला जागा हवी होती. पुढं बगदादहून मुंबईत येऊन स्थिरावलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी साठ हजार रुपये दिले. सगळा खर्च सव्वा लाखाच्या घरात गेला आणि १८७० साली इमारत पुरी झाली. ससून त्याआधीच, १८६४ मध्ये, पुण्यात वारले. पुण्याचं ससून रुग्णालय त्यांच्याच देणगीतलं आणि त्यांची समाधी तिथल्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाच्या, आवारात आहे, हे ऐकल्यावर सरांचा चेहरा ओळखीचं माणूस भेटल्यासारखा झाला. त्यांच्या पत्नीवर ससूनमध्येच उपचार झाले होते. त्या घराण्याच्या संपत्तीत कापसाबरोबर अफूचा व्यापारही होता, हेही मी सांगितलं. देणगीची पाटी वाचताना पैसा कुठून आला हे ठाऊक असलेलं बरं.

मिस्त्री तोवर शेजारची फटफटी हटवायला सांगून जोत्याचे दगड बघत होते. दर्जा भरलेल्या आहेत की नुसत्या रंगवल्यात, हे त्यांनी नखानं तपासलं.

साडेदहा

आत शिरलो. रंगीत फरश्या, जिन्यापाशी ससूनचा उभा पुतळा. तो थॉमस वुलनर या इंग्रज शिल्पकारानं घडवलेला आहे. जिना चढून वरच्या वाचनकक्षात आलो आणि सगळ्यांच्या माना आपोआप वर गेल्या.

या इमारतीचंही मूळचं उतरतं छप्पर गेल्या शतकात गेलं होतं आणि त्या जागी सपाट स्लॅब आला होता. तो गळायचा. संवर्धन वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली झालेल्या कामात स्लॅब काढून पुन्हा उतरतं कौलारू छप्पर घातलं गेलं. जेएसडब्ल्यू फाउंडेशनसह अनेकांनी पैसा उभा केला आणि २०२३ च्या जूनमध्ये ग्रंथालय वाचकांना पुन्हा खुलं झालं. ही इमारत २०१८ साली युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलेल्या मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूहात येते. म्हणजे इथं एक खिळा ठोकायचा तरी विचार करावा लागतो.

मी काही बोलले नाही. छप्पर उंच गेलं की खोली मोठी होते, गरम हवा वर जाते, पंख्याखाली माणूस निवांत बसतो. हे कागदावर दाखवता येत नाही. कार्यवाह हळूच एका खुर्चीत बसले आणि पाच मिनिटं उठलेच नाहीत. अण्णांनी विचारलं ते वेगळंच. “माकडं नाहीत का इथं?” मी सांगितलं की आपल्या आराखड्यात कौलांच्या खाली सागवानी फळ्यांचा थर आणि त्यावर पाणी अडवणारा पडदा घेतलाय. कौल फुटलं तरी पाणी खोलीत येणार नाही, आणि फुटलेलं कौल खालून न दिसता वरून बदलता येईल. जुन्या छपरात हे नव्हतं. जुनं जसंच्या तसं परत आणायचं, असा हट्ट मी धरत नाही. जुन्या छपराचा उतार आणि उंची हवी. पाणी अडवण्याची सोय आजची हवी.

साडेअकरा

सज्जातल्या लांब हातांच्या आरामखुर्च्या रिकाम्या नव्हत्या. एक गृहस्थ वर्तमानपत्र छातीवर ठेवून डुलकी घेत होते. समोर जहांगीर आर्ट गॅलरी, खाली रहदारी. ग्रंथपाल मॅडम सगळ्यांच्या मागे राहिल्या होत्या. त्या भिंती किंवा छप्पर बघत नव्हत्या, माणसं बघत होत्या. कोण कुठल्या टेबलाशी बसतं, कोण खिडकीजवळची जागा पकडतं, लॅपटॉपवाले कुठं जातात.

आमच्या वाचनालयाची खरी गरज त्यांनाच सगळ्यांत नीट ठाऊक आहे. पूर्वी संध्याकाळी कादंबऱ्या बदलायला रांग लागायची. आता सकाळी सहापासून स्पर्धा परीक्षेची मुलं येतात आणि रात्री दहापर्यंत हलत नाहीत. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी. घरी एका खोलीत सहा माणसं, म्हणून अभ्यासिका. वाचनालय आज गावात टिकून आहे ते या मुलांमुळे, असं मला ठामपणे वाटतं आणि त्यांना ‘पुस्तकं न वाचणारे’ म्हणून हिणवणाऱ्यांशी माझं जमत नाही.

“मुली संध्याकाळी सातला उठून जातात,” मॅडम सज्जाच्या कठड्याला टेकून म्हणाल्या. “अभ्यास संपलेला नसतो. पण शौचालय मागच्या बाजूला, वाटेवर दिवा नाही. मी स्वतःसुद्धा त्या वेळेला जात नाही. छपराचं काय ते ठरवा तुम्ही, पण पहिल्या टप्प्यात ते घ्या.”

घेतलं. मागच्या आवारातली पत्र्याची शेड पाडून तिथं शौचालय, पिण्याचं पाणी आणि मूल असलेल्या बाईला बसता येईल अशी खोली. मुख्य इमारतीपासून सुटं, पण वरून झाकलेल्या आणि दिवे असलेल्या वाटेनं जोडलेलं. पाण्याचा एकही नळ जुन्या भिंतीत किंवा पुस्तकांच्या वर जाणार नाही. वारसा इमारत आजच्या वापरासाठी तयार करायची म्हटल्यावर लोकांना वाय-फाय आठवतो. मुलींच्या अभ्यासाचे तीन तास मला त्याआधी आठवायला हवेत.

दुपारी एक

फोर्टमधल्या एका खाणावळीत थाळी आणि कागदावर हिशेब. अण्णा आयुष्यभर पतसंस्थेत होते, त्यांना आकडे लागतात.

पाच इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला सव्वातीनशे किलोच्या आसपास वजन. त्यावर गळती थांबवायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा कोबा, तो साधारण दोनशे किलो. आमचा वरचा दिवाणखाना एकशेवीस चौरस मीटर. म्हणजे साठ टनांच्या वर ओझं शंभर वर्षांच्या भिंतींच्या डोक्यावर बसलंय. मंगलोरी कौलं रिपांसकट चौरस मीटरला पासष्ट किलो भरतात. वासे, कैच्या, खालच्या फळ्या सगळं धरलं तरी एकूण पंधरा टन.

“म्हणजे पंचेचाळीस टन उतरणार,” अण्णांनी गुणाकार स्वतः करून बघितला आणि पोळी तशीच हातात धरून बसले.

मग पुस्तकांचा विषय. ग्रंथालयातल्या कपाटांच्या खोलीला भारतीय मानक चौरस मीटरला सहाशे किलोचा भार धरायला सांगतं, आणि तेही कपाट सात फुटांपर्यंत उंच असेल तर. नुसत्या वाचनकक्षाला तीनशे पुरतात. आमची सगळी कपाटं आज लाकडी मजल्याच्या मधोमध उभी आहेत. तुळया वाकल्याचं मिस्त्रींनी ओळंबा न लावता सांगितलं होतं. कागदावरचा सोपा उपाय म्हणजे पुस्तकं खाली, वाचक वर. पण मॅडमनी मान हलवली. २०१९ च्या पुरात पाणी आमच्या चौकात आलं होतं. तेव्हा कृष्णाकाठच्या ग्रंथालयांत पुस्तकांचा जो लगदा झाला, तो त्यांनी हातांनी उपसलाय. मैत्रिणीच्या ग्रंथालयात मदतीला गेल्या होत्या.

म्हणून वाटणी अशी ठरली. रोजच्या देवघेवीची पुस्तकं खाली, जमिनीपासून दोन फूट वर आणि भिंतीपासून वीतभर सोडून, म्हणजे ओलही लागणार नाही आणि वाळवीची वाट दिसेल. जुनी नियतकालिकं, हस्तलिखितं, गावच्या इतिहासाचे कागद वरच, पण मजल्याच्या मध्यावर नव्हे. दगडी भिंतीलगत, जिथं तुळई भिंतीत शिरते आणि भार थेट खाली उतरतो. मधला भाग मुलांच्या टेबलांना मोकळा.

अण्णांना एसी हवाच होता. बंद काचेच्या केबिन, प्रत्येकाला एक दिवा, मासिक फी वाढवता येते. मी एका खोलीला हो म्हटलं, संगणकाच्या. बाकी नाही. उंच छप्पर आणि समोरासमोरच्या खिडक्या असताना त्या बंद करायच्या आणि मग विजेचं बिल भरत बसायचं, हे वाचनालयाच्या खिशाला परवडणारं नाही. शिवाय केबिनसाठी भिंतीत झिरी मारून वायरी घालायच्या म्हणजे दगड कायमचा चिरायचा. आमच्या आराखड्यात वायरी उघड्या नळीतून, भिंतीच्या कडेनं जातात आणि प्लग टेबलाला आहेत, भिंतीला नाहीत. वीस वर्षांनी कुणाला काही वेगळं हवं असेल तर चार स्क्रू काढले की झालं. आज आपण जे जे घालू ते इमारतीला इजा न करता काढता आलं पाहिजे. या एका नियमावर मी कुणाशीही भांडते.

अडीच

नगर भवन. कार्यवाहांना ग्रंथालय संचालनालयात अनुदानाचे कागद द्यायचे होते आणि ते कार्यालय इथंच आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालच्या नियमांनी राज्यातल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग केले आणि त्यावर परिरक्षण अनुदान ठरतं. पगार, पुस्तकं, वीज यांतच ते संपतं. इमारतीसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडं वेगळा अर्ज करावा लागतो, आणि त्यात आपला वाटा आधी दाखवावा लागतो. म्हणून वर्गणी.

कार्यवाह आत गेले, आम्ही बाहेर थांबलो. १८३३ साली पुरी झालेली ही इमारत, समोर डोरिक खांब आणि तीस पायऱ्या. वर एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय, जिथं महामहोपाध्याय काणे आणि दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षं वाचत बसले. सर दहाव्या पायरीवर थांबले, विसाव्या पायरीवर पुन्हा थांबले. वर पोचल्यावर काही बोलले नाहीत.

मिस्त्रींनी पायरी मापली. सहा इंच धरली तर तीस पायऱ्या म्हणजे साडेचार मीटर. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं प्रमाण एकास बारा लागतं, म्हणजे चोपन्न मीटर लांब रॅम्प, मधले विसावे वेगळेच. इतक्या भव्य दर्शनी भागापुढं तो कुठं घालायचा, हा खरोखर अवघड प्रश्न आहे. आमच्याकडं पाचच पायऱ्या आहेत. नऊ मीटर. उत्तरेच्या बाजूच्या ओट्यालगत तो सहज बसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं तो बंधनकारक आहेच, पण सरांना आता कायद्याचं कारण द्यावं लागणार नव्हतं. त्यांनी स्वतःच विचारलं, “आणि वरच्या मजल्याचं काय?”

वर लिफ्ट घालायची तर लाकडी मजला कापावा लागतो. त्यापेक्षा वरची सेवा खाली आणायची. वाचनकक्षाचा एक भाग, वर्तमानपत्रं आणि संगणक तळमजल्यावर, आणि वरचं कुठलंही पुस्तक मागितलं की खाली आणून द्यायचं. पुढं पैसा आला तर मागच्या बाजूला सुटा लिफ्टचा मनोरा. तोवर कुणीही दारातून परत जाता कामा नये.

चार

पुन्हा ससून ग्रंथालयाकडं, या वेळी मागच्या बागेत. काळा घोडा महोत्सव १९९९ पासून भरतो आणि त्यातले साहित्याचे कार्यक्रम या बागेत होतात. अण्णांच्या मनात अजून दर्शनी ओवरीत चार गाळे काढण्याचं होतं. भाडं येईल. मी आमच्या मागच्या आवाराचा नकाशा पुढं केला. शेड पाडली की दीडशे माणसं बसतील एवढी जागा मोकळी होते. व्याख्यानमाला, पुस्तक प्रकाशन, शाळांचे कार्यक्रम, यांसाठी ती भाड्यानं देता येईल. ओवरी मात्र उन्हात थांबलेल्या माणसाची आहे, शटर लागलं की ती त्याच्यासाठी संपली. अण्णा हो म्हणाले नाहीत. नकाशा मात्र त्यांनी मागून घेतला.

दिवसभरातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न इथं सरांनी विचारला. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात ते कॉलेजात होते, रात्र त्यांनी अंगणात काढली होती. “स्लॅबनं चारी भिंती वरून बांधून ठेवल्यात. तो काढल्यावर भिंती सुट्या नाही पडणार?”

पडू शकतात. म्हणूनच स्लॅब फोडायचा नाही, कापायचा आहे. ब्रेकरचे हादरे दगडी भिंतीच्या आतल्या भरावाला सैल करतात. खालून टेकू देऊन डायमंड करवतीनं तुकडे करायचे आणि एकेक उतरवायचा. प्रत्येक बाजू मोकळी झाली की लगेच भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी सलग पट्टा बांधायचा, कोपऱ्यात भिंती लोखंडी पट्ट्यांनी एकमेकींना गुंतवायच्या आणि कैच्यांचे पाय त्या पट्ट्याला धरवायचे. जुन्या छपराला हे नव्हतं, आणि हे न करता नुसती कौलं चढवली तर सरांची भीती खरी ठरेल. संरचना अभियंत्यांचं अंतिम गणित अजून यायचंय. तोवर मी समितीकडं मंजुरी मागणार नाही, असं त्यांना सांगितलं.

मिस्त्रींनी वेळापत्रकाचा प्रश्न सोडवला. फेब्रुवारी संपत आलाय. आत्ता हात घातला तर पावसाच्या तोंडावर इमारत उघडी पडेल. त्यामुळं काम दसऱ्यानंतर. मधल्या महिन्यांत सागवान आणून सावलीत रचायचं आणि मागच्या आवारात खड्डा खणून चुना भिजत घालायचा. आमच्या तळमजल्यावर आतून सिमेंटचा गिलावा आहे. त्यानं ओल आत कोंडली आणि लोणा कमरेपर्यंत चढला. तो गिलावा खरवडून चुन्याचा करायचा, कारण चुन्यातून भिंत कोरडी होते. चुना जितका भिजेल तितका चांगला मळतो, त्याला पावसाळा पुरेल. “आणि सिमेंटवाल्या गवंड्याला तो भिजवता येत नाही,” मिस्त्री म्हणाले. माणूस शोधायचं त्यांनी स्वतःकडं घेतलं.

सात

स्टेशनवर चहा. गाडीला वेळ होता. अण्णांनी त्यांचं म्हणणं स्पष्ट सांगितलं. ससून ग्रंथालय त्यांना आवडलं. पण सर्वसाधारण सभेत ते दोन अंदाजपत्रकं ठेवणार, एक कौलांचं आणि एक स्लॅब दुरुस्त करण्याचं. सभासदांना आकडे समोरासमोर दिसले पाहिजेत. मला हे पटलं. फक्त दोन्हींत पुढच्या तीस वर्षांची देखभाल धरायची, एवढी अट मी घातली. कौलं परतण्याची मजुरीही त्यात आली, आणि स्लॅबवर दर सात-आठ वर्षांनी करावं लागणारं गळतीचं कामही.

साडेनऊ

मंडळी गाडीत बसली, मी रात्री घरी आले. टेबलावर दोन कोरे तक्ते उघडले आहेत. स्लॅबचा आधी घेतला. सळया किती गंजल्यात ते कळल्याशिवाय तो आकडा खरा येणार नाही. त्यासाठी तीन ठिकाणी काँक्रीटचे नमुने काढावे लागतील, त्यांतला एक ईशान्येच्या कोपऱ्यातून, जिथं पोपडे सर्वांत जास्त पडतात. अभियंत्यांना तसं कळवलं. मॅडमना निरोप पाठवला की त्या कोपऱ्याखालची चार टेबलं उद्या सकाळी सहाच्या आत हलवा, आणि मुलांना कारण सांगा.